घड्याळाचे काटे होते तिथेच होते

सन्माननीय अध्यक्ष मनोहरराव, मंचावरचे पाहुणे, आणि दोन-दोन बस बदलून इथवर आलेल्या कोलकात्यातल्या माझ्या मराठी मंडळींनो,

देवयानी, तुला ती दुपार आठवते का? तू बेहालाच्या माझ्या घरी विरजण मागायला आली होतीस. मी संगणकावरच्या एका साहसी खेळात बंद दारापुढे अडले होते. "विजयाताई, त्या बरणीखाली बघितलंत का?" तू म्हणालीस. किल्ली तिथेच होती. विरजण राहून गेलं.

पुढे सहा वर्षं आम्ही दर शनिवारी खेळलो. माऊस तिच्या हातात, वही माझ्या. हल्ली अशा खेळांत कोपऱ्यात एक बटण असतं, दाबलं की इशारा मिळतो. शेजारी दुसरं असतं, त्याने अख्खं कोडंच टाळता येतं. तिची लेक नूपुर इथेच वाढलेली. ती म्हणायची, "मावशी, स्किप करा ना, कोण बघते?" पण आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं सुईदोऱ्याने शिवून टाकत. आयत्या उत्तराचा मला अजूनही संशय येतो.

गेल्या महिन्यात एका घड्याळाच्या कोड्यावर आमचे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी मी चहा घेऊन आले, तर खेळातलं दार उघडलेलं. "सुटलं," देवयानी म्हणाली. मी वही उघडली. "काटे कुठे ठेवलेस?" मी विचारलं.

"आता नाही आठवत, ताई. पुढे जाऊ या."

कुणाच्या मुंजीत कोणती भाजी होती ते सांगणाऱ्या बाईला हे आठवू नये? ती गेल्यावर मी खेळात मागे जाऊन पाहिलं. कोडं सोडवलं की काटे उत्तरावर थांबतात. इथे ते होते तिथेच होते.

त्यानंतर मी तिच्यावर पाळत ठेवली, हे आज सर्वांसमक्ष कबूल करते. चहाचं निमित्त करून उठायचं आणि पडद्याआडून बघायचं. तिने आणखी दोन कोडी टाळली. मला वाटलं, कंटाळली. म्हातारीबरोबर दुपारी घालवायचा कंटाळा कुणाला येणार नाही?

मग या निरोप समारंभाचं आमंत्रण आलं. तिचे यजमान दत्तात्रयराव खिदिरपूरच्या कस्टम्समधून कोचीला बदलून चालले होते. तेव्हा उमगलं. शनिवार थोडे उरले होते आणि कोडी पुष्कळ. तिला शेवट माझ्याबरोबर बघायचा होता, आणि निघाल्याचं तोंडाने सांगवत नव्हतं.

देवयानी, शेवट मी पाहिलेला नाही. खेळ पुन्हा त्या घड्याळापाशी नेऊन ठेवला आहे.

मंडळाने मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार. घरातली गोष्ट चारचौघांत काढली, तेवढी चूक पोटात घाला.

आता वाटप. विरजणाची बरणी दत्तात्रयरावांकडे द्यावी, गाडीत ते उभी धरतील. सुईदोऱ्याचा डबा नूपुरला. वही देवयानीला, घड्याळाचं पान कोरं आहे. माऊस माझ्याकडे राहील. शनिवारी चार वाजता फोन करून काटे कुठे फिरवायचे ते तिने सांगावं.