उंटावर चढलेलं हळदीचं गाणं

धुळ्याच्या स्टँडवर नरडाण्याच्या गाडीची वाट बघत माझ्या बाकावर ताईबाई आणि तिची नात पुनम बसल्या होत्या. पुनमनं मोबाईल पुढे केला.

"आजी, ऐक. मुंबईच्या गायिकेचं नवीन गाणं. लाखो लोकांनी बघितलंय."

"अवं, हाई ते आपलं हळदनं गानं शे!"

"तिनं वाळवंटातलं प्रेमगीत केलंय."

"आनि ती उंटवर काबर बशेल शे?"

"डोक्यात पिसंही खोचलीत बघ."

"नवरदेवनी मावशीनी मस्करी शे ती! अन् हाई पोर रडी रडी म्हनस."

"राग आला?"

"आवाज गोड शे तिना. पन मस्करी गई ना! तू मोबाईल धर. मी बठ्ठं गानं म्हनसू."

"सगळं गाणं, इथं? लोक बघतील."

"दखू दे."

ताईबाई गायली. मावशीच्या ओळीला आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या.

"आजी, व्हिडिओखाली काय लिहू? त्यांनी नुसतं 'पारंपरिक' लिहिलंय."

"मन्ही मायनं नाव लिख. गिरजाबाई. तिनी मन्हा लगनमा जोडेल गानं शे हाई. ती मावशी तीन वरीस मायसंगे बोलनी नही."