सुजाताला धरून तीन

मी मूळची देवगाव रंगारीची. लगीन झालं तशी बजाजनगरात आले, मालक कंपनीत, नंतर मी बी कॅन्टीनला पोळ्या लाटायला लागले, अन् आल्यापासून डॉक्टर एकच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी शटरचा दवाखाना, बाहेर बाकडं. लेकरं तिथंच मोठी झाली, मालक गेले तवा बी उशाशी तेच व्हते. तुम्ही डॉक्टरांचं लिहून घ्यायला आलात, काय सांगू तुम्हाला, त्या माणसाला मला कधी पहिल्यापासून सांगावंच लागलं नाय.

दोन लेकरं हायेत मला, म्हणजे लोकांला मी तसंच सांगायची. मधली एक पोरगी व्हती, सुजाता. तिच्या बाळंतपणात मला ताप भरला, डॉक्टरांनीच इंजेक्शन दिलं अन् माझा श्वासच कोंडला, अंगभर गांधी उठल्या, त्यांनीच वाचवलं, रातभर हालले नाय. पोरगी मात्र जन्माचीच लई अशक्त. नवव्या दिवशी तेच आले, तिला हातात घेतलं, म्हणले बाई, गेली गं. त्याच्यानंतर इतकी वर्षं त्यांनी मला कधी इचारलं नाय, लेकरं किती.

मागच्या साली पिशवीचं ऑपरेशन निघालं. शहरातला मोठा दवाखाना, चांगली माणसं, मी नाव नाय ठेवत, पण रोज डॉक्टर नवा अन् रोज तेच, बाळंतपणं किती, जिवंत किती. दोनदा सांगितलं. ऑपरेशनचा कागद भरायला तिसराच आला, तवा माझी जीभच वळंना. म्हणलं दोन, बाळंतपणं बी दोनच. तो म्हणला, कोणतं इंजेक्शन सोसत नाय का? आता ते बाळंतपणच नाय म्हणल्यावर इंजेक्शन कुठून आणू? म्हणलं नाय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळे कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडं गेले, एकदा बघा म्हणलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणले कमलबाई, सुजाताला यातनं का काढलं? इतक्या वर्षांनी तिचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं हो मी, रडले, लई रडले, बाकड्यावरची माणसं डोकावून बघायला लागली. डॉक्टरांनी लाल पेनानं इंजेक्शनचं नाव लिहिलं, मोठ्या दवाखान्यात फोन लावला. सकाळी तेच टोचणार व्हते मला.

आता डॉक्टर थकले. दवाखाना सोडून चिकलठाण्याला लेकीकडं राहायला चाललेत, त्यांच्या खुर्चीवर नवी डॉक्टरीण बसायलीय, पोरगी गुणाची हाय. परवा त्यांनी मला तिच्यासमोर बसवलं. ती म्हणली, मावशी, बाळंतपणं किती? मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांना सगळं ठावं, पण त्यांनी हातानं खूण करून मलाच सांगायला लावलं. मंग माझ्या ध्यानात आलं, मालक नायत, हे बी चालले, सुजाताला बघितलेलं माझ्याबिगर कोण उरलं?

म्हणलं तीन. तिघांची नावं सांगितली, इंजेक्शनचं बी सांगितलं. डॉक्टरांना उदंड आयुष्य मिळो, दुसरं काय म्हणू? अन् तुम्ही लिहून घेताय ना, मंग तुम्ही बी तीनच लिहा.