उंटापुढचं प्यादं आणि अप्पांचा लांबलेला डाव

मंडळी, निलंग्याची आन् भवतालची तुम्ही सगळी अप्पांच्या शोकसभेला आलात. मला माईकवर बोलायला जमत न्हाई. बुद्धिबळवाल्यांना गप बसायची सवय. पण हैदराबादहून आलेले अप्पांचे चिरंजीव म्हणले, काका, तुम्हीच बोला. आता काय बोलू? मी औशाचा माधव, मोटार वायंडिंगवाला.

हार्डवेअरच्या गल्ल्यावरचे अप्पा तुम्हाला माहीत. पटावरचे मला माहीत. लई चिवट माणूस! सगळे मधलं प्यादं सारून सरळ भिडतात. अप्पा कडेनं यायचे. उंटापुढचं प्यादं, दोन घरं. मी म्हणायचो, भिडा की अप्पा! म्हणायचे, "घाई काय हाय?"

नांदेडच्या स्पर्धेला आम्ही एकाच बसनं गेलो, आन् गाठ आमचीच पडली. पुन्हा तेच प्यादं. मला वाटलं, बरोबरी करू, चहाला जाऊ. मी हात पुढं केला. अप्पांनी मान हलवली. खेळले, आन् जिंकत आले हो! एक हत्ती जास्त. मात समोर दिसून राहिली होती. पण हे राजा इकडं ने, हत्ती तिकडं ने. बाकीची टेबलं उठून गेली. घड्याळात अप्पांचा वेळ संपला. पंचांनी डाव मला दिला.

मी भडकलो. म्हणलं, अप्पा, मला दान नको!

अप्पा हसले न्हाईत. म्हणले, "माधवराव, डाव संपला की घरी जावं लागतं. ही गेल्यापासून घरी कोण हाय? कपाटाशी बोलू?"

तवा नुसतं ऐकलं. कळलं गेल्या साली, माझी बायको गेली तवा. तेरवी झाली, पाहुणे पांगले. त्या रविवारी अप्पा औशाला आले, पट काखेत. सांत्वन न्हाई, काही न्हाई. प्यादं सारलं. मग दर रविवारी यायचे. दिवस मावळेस्तोवर डाव चालायचा. जिंकायची घाई दोघांनाबी नव्हती.

आता रविवारी मी काय करू, अप्पा? परवा मोबाईलवर खेळून बघितलं. समोरचा चटाचटा खेळतो आन् निघून जातो. एकटं वाटतं हो. लई एकटं वाटतं.

मंडळी, उठा. अप्पांसाठी थोडं गप उभं राहू.

आन् एक विनंती हाय. झाल्यावर लगेच चपला शोधू नका. बसा जरा.