अंगणातले पेव आणि ९ मेची पडझड

जबाब देणार : सौ. लीलाबाई बबनराव निस्ताने, वय ५७ वर्षे, धंदा शेती व भाजीपाला विक्री, रा. रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा. दिनांक २७/०५/२०२५.

मी ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी व माझे पती बबनराव असे दोघेच राहतो. मुलगी मोहिनी लग्न होऊन केळझरला आहे. शेजारी भैय्याजी यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, मी अमावस्येला अंगणात गुप्तधनासाठी खड्डा खोदला. त्याबाबत हा जबाब आहे.

आमच्या अंगणात सासऱ्यांच्या काळचे, जमिनीत खोदलेले, ज्वारी साठवण्याचे पेव होते. तोंड चार फूट, खोली सहा फूट. ज्वारी पेरणे बंद झाले तसे ते रिकामे पडले. सन २०१३ मध्ये मोहिनीच्या लग्नाचा मांडव अंगणात घालायचा होता. लग्नाला तीन दिवस उरले होते. पती म्हणाले, "मुरूम आणू, थरावर थर ठोकू, मंगच मांडव घालू." मी म्हटले, "तीन दिवसांत काय काय करू?" आणि दोन बैलबंड्या भरून पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, त्यात दाबून भरली. वर फूटभर काळी माती टाकून सारवले. लग्नात अंगण आरशासारखे दिसत होते. सगळ्यांनी नावाजले, मलाही बरे वाटले.

पुढे खालची पराटी सडली, वाळवीने खाल्ली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती जागा दरवर्षी बसू लागली. मी दर दिवाळीला दोन घमेली माती टाकून सारवत असे. वरून सारवले की आतले दिसत नाही. संडास अंगणाच्या कोपऱ्यात आहे व वाट त्याच जागेवरून जाते. यंदा होळीला पती म्हणाले, "तिथं जमीन बसून राह्यली, पाय सांभाळून देजो." मी म्हटले, "जमीन नाई, तुमचेच पाय लटपटून राह्यले."

दिनांक ९ मे रोजी सकाळी सातच्या सुमारास ते त्या जागी मांडीपर्यंत आत गेले व आडवे पडले. खुब्याचे हाड मोडले. वर्ध्याला दवाखान्यात ऑपरेशन झाले. गुरुवारी, दिनांक २९ रोजी, त्यांना घरी सोडणार आहेत. डॉक्टरांनी सपाट जागेवर वॉकर धरून रोज थोडे चालवायला सांगितले आहे. न चालल्यास पाय आखडेल असेही सांगितले. म्हणून गुरुवारच्या आत अंगण सपाट करायचे, असे मी ठरवले.

काल सोमवारी गावातला ट्रॅक्टरवाला धम्मदीप मुरूम टाकायला मोकळा होता, म्हणून सोमवार धरला. अमावस्या होती हे मी कॅलेंडरात पाहिले नाही. सकाळी सहाला जमिनीला हळदकुंकू वाहिले, उदबत्ती लावली, नारळ ठेवला. भुईला घाव घालण्याआधी आमच्याकडे तसे करतात. विहिरीला करतात, घराच्या पायव्याला करतात. भैय्याजी कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, अमावस्येले काय काढून राह्यल्या?" माझे डोके आधीच तापलेले होते. मी म्हटले, "हंडा काढून राह्यले, भाऊजी. निंगाला तं अर्धा तुमच्या घरी पाठवीन." हे शब्द माझेच आहेत. त्यांनी ते खरे धरले. माझी जीभ लांब आहे, त्याची शिक्षा मला नेहमीच होते.

खड्ड्यातून सडलेली पराटी व एक फुटकी बादली निघाली. दुपारी चारला हवालदार आले, काम थांबवले व माझी सब्बल म्हणजे पहार, फावडा, घमेले आणि नारळ घेऊन इथे ठाण्यात आले. खड्डा उघडा पडला आहे. तळाला दगड, त्यावर अर्ध्या अर्ध्या फुटाचे मुरुमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकणे, आणि शेवटी नालीकडे उतार, असे मी भरणार आहे. पतींनी बारा वर्षांपूर्वी सांगितले होते तसेच. नारळ ठेवून घ्या. सब्बल, फावडा व घमेले आज परत मिळावे. नाही मिळाले तर मागून आणीन, पण गुरुवारच्या आत भरीन.

आणखी एक गोष्ट विचारली नाही, तरी सांगते. पती पूर्वी दारू पीत होते. नऊ वर्षे झाली, सोडली. ९ मे रोजी ते पडले तेव्हा मी धावत गेले आणि आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. मग हात दिला. वास घेतला हे त्यांनी पाहिले. दवाखान्यात कसे पडले म्हणून विचारले, तेव्हा मी "पहिले पीत होते" एवढेच सांगितले. गावात पिऊन पडला असे झाले, ते मी होऊ दिले. पेव कोणी भरले हे मग कोणी विचारले नाही. त्याची मला लाज वाटते. ते माझ्या चुकीत पडले आहेत, असे कागदावर यावे.

जबाब हवालदार अंकिता मॅडम यांनी मला मराठीत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वास नव्हता ही ओळ मी दोनदा वाचायला लावली व नंतर सही केली.