थुंकलेला घोट

हॅलो?… हॅलो, कोण?… मेतोद? अरे, कुठून बोलतोयस?… काय? मोठ्याने बोल! पत्र्यावर दगड पडताहेत, काही ऐकू येत नाही…

कॉफी वाळवायच्या टेबलांमागून? म्हणजे बाहेरच आहेस तू?… आणि कुजबुजतोयस का असा?

खरं सांग. या जमावाला आवरायला आलायस, की त्यांच्यातलाच आहेस?…

बरं. कळलं. हातात काय आहे तुझ्या?… दांडकं. वा! सख्ख्या बहिणीच्या दारावर दांडकं घेऊन आलास, आणि वर तिलाच फोन करतोस. शाबास रे भावा.

नाही, दार नाही उघडणार. त्या बुकुरूला सांग, लिओकादी नाही म्हणते. लाथा घालून घालून पाय मोडून घे म्हणावं… हो, आहे ना माझ्याजवळ. गोदलिव्ह आजी इथेच आहे. कॉफी भाजायच्या यंत्रामागे बसवलंय तिला. हाताची बोटं मोडलीत तुमच्या शूरवीरांनी. कानातून रक्त येतंय. माझी ओढणी फाडून बांधलीय, तीही भिजली…

आजी, उठू नका हो. माझा भाऊ आहे फोनवर… हो, मेतोदच. तुम्ही कडेवर खेळवलेला.

ऐकलंस? तुझी खुशाली विचारते ती. बायकामुलं बरी आहेत का म्हणते. काय सांगू?

काय?… मागची खिडकी?… मी एकटीनेच?… आणि आजीचं काय?… "तिचं विचारू नको"? असं कसं विचारू नको? मी बाहेर उडी मारायची, आणि आत म्हातारीला तुम्ही… नाही. नाही म्हटलं ना! पुन्हा बोललास तर फोन ठेवीन.

अरे ऐक… ऐक तरी! काय पाहिलंस तू? सकाळी खिडकीतून पाहिलंस काय, ते सांग.

हो. थुंकले. तुझ्याच कॉफीचा घोट घेतला आणि थुंकले. अरे, पण त्याआधी नऊ जणांची कॉफी चाखली, तीही थुंकलेच ना? रोजच थुंकते! चाखायची, जिभेवर घोळवायची आणि त्या डब्यात थुंकायची, हेच काम आहे माझं. साठ-साठ पेले गिळले तर रात्रभर भुतासारखी जागी राहीन मी. नऊ वेळा थुंकले तेव्हा कुणाला विष दिसलं नाही. दहाव्यांदा तोंड वाकडं केलं, तेव्हा बरं दिसलं!

हो, म्हणाले. "ही वाया गेली" म्हणाले. रागाने म्हणाले, कबूल आहे. पण विष हा शब्द कुणी काढला?… बुकुरूनेच ना? आणि तुझ्या दाण्यांचा ढीग आजीने निवडला होता म्हणून लगेच आजीचं नाव! पाऊण तासात तिचं घर पेटवलंत. शेळ्यांची नरडी कापलीत. शेळ्यांनी कुणाला विष घातलं होतं रे?

कच्च्या बटाट्याचा वास होता तो, मेतोद! बटाट्याचा! तो ढेकणासारखा किडा नाही का, झाडावर असतानाच फळाला भोसकतो? त्याचं काम. दाणा वरून चांगला दिसतो. पाण्यात टाकला तरी किडक्यासारखा तरंगत नाही, चांगल्यासारखा बुडतो. आजीच काय, देवालाही डोळ्यांनी निवडता यायचा नाही. असा एक दाणा पेल्यात आला की पेला गेला. पोटाला काही होत नाही. नुसती चव जाते!

"बहाणे"? मी बहाणे करते? अरे, तुमच्यातल्या एकाने तरी जन्मात आपली कॉफी प्यायलीय का? पिकवायची, खुडायची, डोक्यावरून इथवर वाहून आणायची, आणि प्यायची मात्र केळ्याची दारू. चव कशी असते हे ठाऊक नाही, आणि निघाले विष ओळखायला!

आई गं!…

आहे… आहे मी. खिडकीतून दगड आला. कपाळावर. रक्त डोळ्यात उतरतंय… काही नाही, पुसते. रडू नकोस. आता कशाला रडतोस? दगड मारणारा तुझ्या शेजारीच उभा असेल, त्याला विचार नेम कुणाचा धरला होता.

मेतोद, मिसागो कुठे आहे? आमचा पहारेकरी. फाटक धरून उभा होता… पडलाय? हलतोय का बघ… नीट बघ ना! जवळ जा… 

…

हलत नाही?

अरे देवा. अरे, त्याच्या धाकटीचं लग्न आहे पुढच्या शनिवारी. ज्वारीची बियर रांजणात घालून ठेवलीय त्याने… कुणी मारलं? तू नाहीस ना?… मेतोद, तू नाहीस ना?… 

धरलं होतंस. म्हणजे तू धरलंस आणि त्यांनी मारलं.

नको. आता काही सांगू नकोस मला.

…

चौकीला केला फोन. कधीच केला. गाडीत पेट्रोल नाही म्हणतात. चालत निघालेत. चालत! डोंगर उतरून येईस्तोवर संध्याकाळ होईल.

बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. हे बघ, बाबांच्या पोटात गाठ होती. न्गोझीच्या इस्पितळात डॉक्टरने पोटाचा फोटो दाखवला होता, तू बाहेर बाकावर बसलास, आत आला नाहीस. शेवटी आजीच्याच घरची दारू प्यायले, खरंय. पण रीतीप्रमाणे आधी तिने स्वतः घोट घेतला, मग त्यांच्या हातात दिली. मी समोर होते. तीन वर्षं हा संशय पोटात ठेवून तू तिच्या दारावरून जात होतास? रोज "नमस्कार आजी" म्हणत?

कसला आवाज तो?… टरफलांची पोती? भिंतीला लावताहेत?… रॉकेल कुणी आणलं?… मेतोद, मला भीती वाटते रे. खूप भीती वाटते…

थांब. फोन खांद्याशी धरते. किटलीतलं पाणी अजून गरम आहे. ही घेतली तुझी पूड. तुझीच, चिठ्ठी आहे वर. ओतलं पाणी… खिडकीत बघ. दिसते का मी?… हं. बघ नीट.

…

गिळला. ऐकलास? हा दुसरा घोट… तोही गिळला. कच्चा बटाटा, दुसरं काही नाही. काय म्हणतात ते?… उतारा? माझ्याजवळ उतारा असतो? चाखणाऱ्यांना आधीच उतारा पाजून ठेवतात? हे कुणी काढलं, बुकुरूने?… मग झालंच. मी मेले तर विष, आणि जगले तर उतारा.

माझ्यावर नाही ठेवायचे ते विश्वास. पण तुझ्यावर ठेवतील. बाप तुझा गेला, पीक तुझं नासलं, बोट तू दाखवलंस. तू प्यायलास तर बुकुरू कशाच्या जोरावर ओरडणार?… काय? तूच मेलास तर?

अरे वेड्या! म्हणजे तुला खरंच वाटतं… 

ऐक. मी दार उघडतेय. हो, आत्ता. पोती पेटायच्या आत. आजी माझ्या मागे असेल, माझ्या कमरेला धरून. तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी मी लागेन, आणि दारात सगळ्यांत पुढे तू उभं राहायचंस, तेवढं तरी कर माझ्यासाठी. कॉफी आणतेय. आधी मी पिईन, सगळ्यांदेखत, मग पेला तुझ्यापुढे धरीन. 

आजी, उठा. धरा मला. घट्ट धरा. डोळे मिटून चला हवं तर…

मेतोद, आहेस ना? थोरल्या बहिणीने दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. आणि तुझ्या एका हातात फोन आहे, दुसऱ्यात दांडकं.

फोन मी बंद करते. दांडक्याचं तू बघ.