मॅटाडोरची डावीकडची सीट

जबाब

मी, श्रीमती मालू काशिराम घरत, वय ६१ (कागदावर, खरं विचारू नये), धंदा घरकाम व अंडी विकणे, शिक्षण गावच्या शाळेत चौथी पास, राहणार कामोठे गाव, देवळाच्या मागं, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर झाले. विचारलं तसं, कुणाच्या दबावाशिवाय सांगते, ते असं की,

नवऱ्याचं नाव सांगा म्हटल्यावर मी सांगितलं, "मिठागराच्या बांधावर पांढरंशुभ्र मीठ, काशिरामांचं नाव घेते, साहेब लिवा नीट." उखाणा जबाबात घेत नाहीत असं साहेब बोलले. मी बोलले, आमच्यात नाव असंच घेतात, घ्यायचं तर सगळं घ्या. महिला पोलीस समीक्षा मॅडम हजर होत्या. त्या हसल्या. ते लिहू नये असं सांगण्यात आलं.

वरील काशिराम हे नऊ वर्षांमागं वारले. दयाराम हा त्यांचा धाकटा भाऊ, माझा दीर. सुमती ही दयारामची बायको, माझी जाव. तक्रार तिनं दिली हाय. आमची घरं एका कुंपणात हायेत, चुली वेगळ्या. सुमतीशी माझं भांडण नाय. बोलाचाली हाय. ती रोज हाय.

तक्रारीतली गाडी म्हणजे आमच्या मालकांची मॅटाडोर. त्यांनी ती जुनीच विकत घेतलेली, लग्नानंतर चार वर्षांनी. तिच्यातून मासळी न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाड न्यायचे. एकदा गोवा रोडला एका गोऱ्या जोडप्याची गाडी पंक्चर झाली होती. यांनी मदत केली, तेव्हा आत बघितलं. आत बिछाना, शेगडी, भांडी घासायला मोरी. घरी येऊन मला बोलले, "मालू, ती लोकं घर घेऊन फिरतात." मग यांनी गाडीत मागं उघडमीट होणारी फळी बसवली, स्टोव्हला कप्पा केला. कर्नाळ्याला जायचं, फळीवर निजायचं, सकाळी पाखरं बघायची असं ठरलं. मग कधी कुणाची हळद निघाली, कधी मासळीचं भाडं. ते राहिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाय.

त्या गाडीत कोण कुठं बसायचं ते विचारलं म्हणून सांगते. उजवीकडं मालक. डावीकडं पयली सासू. सासू गेली त्याच वर्षी सुमती लग्न होऊन आली, ती ओकतच आली. मागं बसली की तिला उलटी होते. म्हणून डावीकडची सीट तिला मिळाली, कायमची. मी मागं, टोपल्या आणि करवल्यांच्या मधी. सुमती काच खाली करून केस उडवत सगळ्या लग्नांना गेली. मी मागून तिचा अंबाडा बघितला. तो अंबाडा मला तोंडपाठ हाय. तुमी जळत होतात का, असं साहेबांनी विचारलं. हो. तसंच लिवा.

मला गाडी चालवता येते. मालकांनी शिकवली, मिठागराच्या बांधावर, भर दुपारी, आजूबाजूला कोण नसताना. सासूला कळू नये म्हणून कुणाला सांगितलं नाय, मग ती सवयच झाली. तेव्हा मी उजवीकडं बसायची आणि मालक डावीकडं. म्हणजे डावीकडच्या सीटवर मी तेव्हाही बसले नाय. लायसन्स नाय.

मालक गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. टायर बसले. मी तिच्यात कोंबड्या ठेवल्या. दिवाळीनंतर दयाराम येऊन बोलला, "वयनी, गाडी नीट करायला घेतो. दादांची आठवण हाय." मी बोलले, घ्या भावजी. कोंबड्या बाहेर काढल्या. आठवण कुणासाठी नीट करतात ते मी विचारलं नाय.

गाडी पनवेलला नझीरच्या गॅरेजात होती. नझीर हा आमच्या मालकांचा जुना मेकॅनिक. मी अंडी घेऊन पनवेलला जाते तेव्हा वाटेत बघायला जायची. रोज जायची असं नझीर बोलला असेल तर रोज. आधी त्यानं सगळा रंग खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला. सीट उसवताना मला हाक मारून बोलला, "काकी, इंजिन माशाल्ला ठीक हाय, पण तुमच्या मुर्ग्यांनी सीटमधी संसार मांडलाय. स्प्रिंगात अंडं निघालं." मी ते अंडं परत मागितलं. त्यानं दिलं नाय.

मग रंग. मालकांचा निळा होता, सुमतीनं गुलाबी सांगितला. खिडक्यांना पोपटांचे पडदे. फळी काढून तिथं गादी. शेगडी. छोटी मोरी, नळ उघडला की पाणी येतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून दयाराम तिला या गाडीतून गोव्याला नेणार, हे मला गॅरेजात कळलं. नळ बसला त्या दिवशी दोघं आलेली. दयाराम नळ उघडून दाखवायचा, सुमती बंद करायची, तो परत उघडायचा. दोघं हसत होती. या वयात. मी अंड्यांची टोपली घेऊन दारात उभी होती. त्या दिवशी टोपलीतली बरीच अंडी फुटली. कशानं ते सांगता येत नाय. काढलेली फळी मी घरी नेली.

नझीरला मी एकच गोष्ट खोटी सांगितली, की सुमतीबाईंनी जुना हॉर्न परत लावायला सांगितलाय. तो हॉर्न म्हशीसारखा वाजतो. सुमतीला तो कधी आवडला नाय. मालक घरी आले, हे मला त्या हॉर्नवरून कळायचं.

गाडी काल अंगणात आली. आज सकाळी तिची पूजा होती. काल संध्याकाळी सुमती माझ्या दारात येऊन बोलली, "वयनी, उद्या सवाष्णी गाडीला ओवाळतील. तुमी पूजा आटपल्यावर या. जेवायलाच या." मी बरं बोलले. ती बोलली, "रागावलात?" मी विचारलं, "मटण हाय का?" ती हाय बोलली. एवढंच बोलणं झालं.

आज सकाळी गाडीला झेंडूची माळ घातलेली, पुढं कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबू. लिंबं चिरडून गाडी पुढं काढायची, तो मुहूर्त. चावी ओवाळायच्या ताटात ठेवलेली. दयाराम भटजीला आणायला मोटारसायकलवर गेला. बायका गजरे माळायला आत गेल्या. ओट्यावर ताट आणि मी राहिलो. मी चावी पदरानं उचलली. ताटाला हात लावला नाय. कुंकू सांडलं असं तक्रारीत हाय, ते खोटं हाय. मी कुंकू सांडत नाय.

मी उजवीकडं बसले. क्लचला पाय पुरत नव्हता म्हणून पाठीमागं सुमतीची भरतकामाची उशी घेतली. चारी लिंबं फुटली. फाटकातून निघताना मी हॉर्न वाजवला. त्याची गरज नव्हती. सुमती एका कानात डूल घालून बाहेर आली, दुसरं हातात. नवरा नसलेल्या बाईनं मुहूर्त केला तर काय म्हणतात ते तुमाला माहीत होतं का, असं विचारण्यात आलं. माहीत होतं. म्हणूनच केला.

कळंबोलीवरून पनवेल, पळस्पे फाटा, मग गोवा रोड, असं गेले. चौथा गियर घातला नाय. मागच्या लोकांनी हॉर्न मारले, मी पण मारला. माझा मोठा होता. कुणाला धक्का लागलेला नाय.

कर्नाळ्याला गाडी झाडाखाली लावली. उतरले. गाडीला वळसा घालून डावीकडं गेले, दार उघडून बसले. सोबत भाकरी आणि सुकट होती, ती खाल्ली. पडद्यांना सुकटीचा वास लागला असं तक्रारीत हाय, ते खरं. माळ माकडानं खाल्ली.

माझ्यासोबत एक पुरुष होता, असं तिथल्या राखणदारानं फोनवर सांगितल्याचं मला सांगण्यात आलं. तो कोण, असं परत परत विचारण्यात आलं. कोण नव्हता. राखणदारानं विचारलं होतं, "मावशी, ड्रायव्हर कुठाय?" मी बोलले, "येतात आत्ता." तो थोड्या वेळानं परत आला. मी परत तेच बोलले. असं का बोलले त्याचा खुलासा करता येत नाय. पाखरं होती. कुठली ते मला ओळखता आलं नाय.

दुपारी दयाराम आणि नझीर मोटारसायकलवर आले. जागा नझीरला सुचली. मालक गाडी दुरुस्तीला न्यायचे तेव्हा दर वेळी बोलायचे, नीट कर रे, बायकोला कर्नाळ्याला न्यायचंय, असं नझीरनं सांगितलं. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. दयारामनं हात पुढं केला. चावी मागितली, मी दिली. तो उजवीकडं बसला. राखणदार जवळ येऊन बोलला, "आले का मावशी तुमचे?"

मी बोलले, "हे नाय. पण चला."

दयारामनं गाडी सुरू करायला वेळ लावला. इंजिन ठीक होतं.

परत येताना मी डावीकडंच होते. मागं बसा असं दयाराम बोलला नाय, मी विचारलं नाय. मी काच खाली केली. गावात आलो तेव्हा सुमती आणि सगळ्या बायका फाटकात उभ्या होत्या. भटजी जेवून गेलेला. सुमतीनं आधी गाडी बघितली, मग दयारामला, मग मला. माझे केस उडालेले होते. तिनं रिक्षा केली आणि इथं आली. साहेबांनी तक्रारीची वेळ बघावी. गाडी गेली तेव्हा तिनं तक्रार दिली नाय. दुपारभर दिली नाय. गाडी परत आली तेव्हा दिली. त्या सीटवर दुसरी बसली की कसं दिसतं, ते तिला पस्तीस वर्षांत पयल्यांदा कळलं.

सुमती आत्ता समोर बाकड्यावर बसली हाय. दुसरं डूल अजून हातात हाय. तिचं म्हणणं असं, की मुहूर्त बाटला, आता ती त्या गाडीत पाय ठेवणार नाय. आणि मीही परत कधी गाडीत बसणार नाय असं लिहून दिलं तर ती तक्रार मागं घेईल. मी बोलले, दोघींनी बसायचं नाय तर गाडी माझ्या दारात लावा. कोंबड्यांना कुठलाही मुहूर्त चालतो. सुमती बाकड्यावरून बोलली, "माझ्या गादीवर कोंबड्या?" मी बोलले, "मग बस तू." त्यावर ती नाय बोललेली नाय.

तरी लिहून देते ते असं. डावीकडच्या सीटवर मी परत बसणार नाय. माझं बसून झालं. ती सीट सुमतीची. उजवीकडच्या सीटबद्दल मी काय लिहून देत नाय. लायसन्सला काय काय लागतं ते समीक्षा मॅडमनी मला सांगितलंय. दयारामला गोव्याला यायचं असेल तर मागं गादीवर निजून यावं. वाटेत सुमतीला उलटी आली तर मी गाडी थांबवीन. लगेच थांबवीन असं नाय.

एवढंच माझं सांगणं. समीक्षा मॅडमनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, ते बाकड्यावर सुमतीनंही ऐकलं. मी बोलले तसंच उतरलंय, उखाण्यासकट, म्हणून खाली माझ्या हातानं सही करते.

सही
मालू काशिराम घरत