कडीमागची प्रेरणा

— नाही म्हणजे नाही, बाई. कविता वाचीन, दोनदा म्हणालात तर दोनदा वाचीन, पण ‘या कवितेमागची प्रेरणा काय’ ते मी सांगणार नाही. कार्यक्रमाचं नावच तसं आहे? असू दे की! तुम्ही ठेवलंत, तुम्ही निस्तरा. आत्ता स्टेजवर बोलतायत ना आमचे प्राध्यापक कवी — ऐका, विंगेतून छान ऐकू येतं — आता वडिलांच्या चपला येतील, मग आवंढा, मग पाण्याचा घोट. गेल्या वर्षी त्याच चपला आजोबांच्या होत्या! लोक कवितेला रडत नाहीत हो, चपलांना रडतात. मला नाही जमत तसं. आणि खरं काय ते सांगणं तर त्याहून जमत नाही.

का म्हणजे? माझी ‘कडी’ कशावर आहे, तुम्हाला काय वाटतं? सत्तेवर — बरोबर, सगळ्यांना तेच वाटतं. समीक्षकांनी लिहून ठेवलंय, कडी म्हणजे हुकूमशाही, आतली बाई म्हणजे जनता. मोर्च्यात पोरं म्हणतात ती कविता. मी मान डोलावते. जनता तर जनता! पण कडी म्हणजे कडीच हो — लोखंडाची, दाराला बाहेरून बसवलेली, जरा गंजलेली, लागत नाही म्हणून आपटावी लागते. कुठल्या दाराची? असेल कुठल्या तरी. तुम्हाला काय करायचंय?

पहिल्या रांगेत बघा. पडदा सरकवा जरासा — एवढा नको! ते कडेचे, कडक इस्त्रीवाले, ते माझे भावजी. शेजारी माझी ताई. ‘कडी’ संपली की सगळ्यात आधी टाळी त्यांची. कविता फ्रेम करून लावलीये त्यांनी बाहेरच्या खोलीत. येईल त्याला दाखवतात — आमची मेव्हणी, भारी बंडखोर आहे हं! आणि फ्रेमच्या शेजारी दार, आणि त्या दाराला — जाऊ दे. मी काही बोलले नाही.

बोलले? बरं, मग ऐकाच. ऑफिसला जाताना ताईला आत ठेवून कडी बाहेरून लावून जातात. हिला चक्कर येते म्हणे, रस्त्यात कुठे पडली तर! कसली चक्कर आलीये — तिच्याबरोबर चालताना मला धाप लागते. मी भांडायला निघाले होते, तर ताईनेच हात धरला. म्हणाली, तू तोंड उघडलंस तर कडी जाईल आणि कुलूप येईल. मग काय करणार? लिहिली. बोलायला बंदी होती, लिहायला नव्हती. आणि गंमत बघा, त्या माणसाला त्यात जनता दिसली, सरकार दिसलं, स्वतःचं दार तेवढं दिसलं नाही! हसू येतं हो, पण त्याहून संताप येतो. अंगाची आग होते नुसती.

मघाशी फाटकाशी ताई माझ्या कानात म्हणाली, आज मला तुझ्याकडे ने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, बाई. मी म्हटलं, चल. तर भावजींनी हसत हसत तिचा दंड धरला — कार्यक्रम झाला की थेट घरी जायचं हं. तुमच्यासमोरच झालं. तुम्हाला वाटलं असेल, किती जपतात बायकोला!

टाळ्या पडल्या. म्हणजे आता मी. थांबा — हे मागचं दार रस्त्यावर उघडतं ना? तुमची गाडी आहे? मग सांगते प्रेरणा. हो, सांगते! म्हणाल तेवढा वेळ सांगते. म्हणेन, या कवितेची प्रेरणा म्हणजे समोर बसलेले माझे भावजी — त्यांचं घर, त्यांची शिस्त, त्यांची करडी नजर. हे नसते तर ही कविताच नसती. खोटं? एक अक्षर खोटं नाही त्यात. जागेवर उभं करीन त्यांना, लोकांना टाळ्या वाजवायला लावीन. स्वतःचं कौतुक चाललेलं असताना तो माणूस बायको उठून कुठे गेली हे बघायला मान वळवायचा नाही. तेवढ्यात तुम्ही ताईला उठवा — म्हणा, आत बोलावलंय बहिणीने. ही घ्या माझ्या घराची किल्ली, तिला थेट तिकडे सोडा. कार्यक्रम संपल्यावर येऊ देत माझ्या दारात आरडाओरडा करत. मी आहे ना तिथे! बघतेच.

पुकारलं माझं नाव. अहो, माझ्या तोंडाकडे काय बघताय? जा!